पाच माशांचं पाणी

१

माझा नवरा अभिषेक दुसऱ्यांच्या पाण्यात हात घालून पोट भरतो. हे वाक्य तो स्वतःच सगळ्यांना ऐकवतो आणि स्वतःच हसतो, त्यामुळे माझे हसण्याचे कष्ट वाचतात. गोकुळ रोडवर आमचं मत्स्यालयांचं दुकान आहे. काचा, पाइप, पंप ही त्याची बाजू, पाणी माझी. मी धारवाडला केमिस्ट्री शिकले, सहा वर्षं एका कॉलेजात शिकवलंही. मुलं ऐकत नव्हती. पाणीही ऐकत नाही, पण निदान उत्तर तरी खरं देतं.

दर गुरुवारी सकाळी दहाला आम्ही देशपांडे नगरात गोविंदअण्णांच्या घरी जायचो. अण्णा अमरगोळच्या मार्केट यार्डातले जुने अडते. घराणं मूळचं गडहिंग्लजकडचं, तीन पिढ्यांपूर्वी हुबळीत आलेलं. घरात कांदासुद्धा जपून चिरतात. आणि अशा घराच्या दिवाणखान्यात दहा फूट लांब, चार फूट खोल, साडेचार हजार लिटर खाऱ्या पाण्याची टाकी, आणि तिच्यात पाच शिकारी मासे! त्यांच्या खाण्याचा फ्रिज मागच्या पडवीत, घराला विटाळ नको म्हणून. त्यात कारवारहून आलेले बांगडे आणि माकूळ. ही हौस अण्णांच्या बायकोची, पार्वतीकाकूंची. काकू संक्रांतीच्या आधी गेल्या, तेव्हापासून माशांना अण्णाच भरवत होते.

माशांची नावंही अण्णांनी ठेवलेली, यार्डातली. तोंड उघडलं की आत नारळ मावेल असा ग्रुपर म्हणजे पोतं. दगड इकडचे तिकडे ओढणारा ट्रिगर म्हणजे हमाल. लाल पट्ट्यांचा, काट्याकाट्यांचा लायनफिश म्हणजे ब्याडगी. ईल म्हणजे सुतळी. आणि तांबूस रंगाचा शांत स्नॅपर, तो गूळ.

लोक मला विचारतात, एवढ्या टाकीत किती मासे बसतील? बसायला काय, बसमध्येही माणसं बसतात. शिकारी माशाची लांबी विचारू नका, तो खातो किती आणि घाण किती करतो ते विचारा. त्या घाणीचं शेवटी पाण्यात नायट्रेट उरतं आणि ते मोजता येतं. अण्णांच्या टाकीत ते आठवड्याला वीसने चढायचं. आम्ही पाणी बदललं की उतरायचं, पुन्हा वीस. चार वर्षं वीस. पाच माशांचं पाणी वीस, हे मला माझ्या वाढदिवसासारखं पाठ होतं.

जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी ते सत्तावीस आलं.

२

मी पहिल्यांदा नळीतल्या पाण्याचा रंग बदलणाऱ्या तपासणीच्या औषधाला दोष दिला. नवी बाटली फोडली. सत्तावीस. मग अभिषेकला दोष दिला, तो बायकोचा हक्क आहे. त्याने निमूटपणे फिल्टर उघडून दाखवला. स्वच्छ होता.

पुढच्या गुरुवारी सत्तावीस, त्याच्या पुढच्याही. चूक असती तर कधी पंचवीस आलं असतं, कधी तीस. चूक इतकी शिस्तशीर नसते. मी घरी कागदावर मांडून पाहिलं. वरचे सात म्हणजे एक मासा, पोत्यापेक्षाही मोठा.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं. काकू गेल्यावर अण्णा एकटे पडले होते. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हटलं की तो ताकाला जाऊन भांडं लपवतो. त्यांनी परस्पर सहावा मासा आणला असणार.

"अण्णा, खरं सांगा, नवीन मासा आणला का?"

अण्णा हसले. "आणला असता तर तुमास्नी दावला नसता काय ओ? मोजा की. काच हाय, पडदा नाही."

मी मोजले. पाच. दगडांच्या मागे बॅटरी मारली, गुहेत आरसा धरून पाहिलं. पाच. सुतळीचं शेपूट धरून दोनदा मोजायचं राहिलं होतं, एवढंच.

"तुमचं पाणी म्हणतंय सहा, माझे डोळे म्हणत्यात पाच," अण्णा म्हणाले. "आता कुणाचं ऐकू, अक्का? बिडी ते, सोडून द्या. चहा घ्या."

३

चहा पिताना मी टाकीकडे बघत बसले, आणि तेव्हा ते लक्षात आलं.

शिकारी मासे टाकी वाटून घेतात. पोत्याची डावीकडची गुहा, हमालाचे मधले दगड, ब्याडगी वरच्या अंगाला. उजवीकडचा मागचा कोपरा गुळाचा होता. तिथे पाणी खाली फिल्टरकडे जाण्याचा ओव्हरफ्लोचा कप्पा आहे, त्यामुळे पाणी खेळतं राहतं, गुळाला ते आवडायचं.

गूळ तिथे नव्हता. पाचही मासे टाकीच्या डाव्या सात फुटांत होते. गर्दी झाली होती. ब्याडगीचे काटे हमालाला लागत होते, तरी हमाल हलत नव्हता. उजवीकडचे तीन फूट रिकामे. नुसती वाळू आणि पाणी.

"स्नेहा, हे असं कधीपासून आहे गं?" मी अण्णांच्या सुनेला विचारलं. ती कप उचलायला आली होती.

"संक्रांतीपासून असंल ताई," ती म्हणाली. "मी अण्णांना म्हटलं पण. तिकडं पाणी गार लागत असंल."

मी थर्मामीटर घातला. गार नव्हतं. डावीकडच्यापेक्षा अर्धा अंश जास्तच होतं. पंपाची ऊब असेल, असं मी वहीत लिहिलं. पंप त्या बाजूला नाही हे मला माहीत होतं, तरी मी ते लिहिलं.

अभिषेक शिडीवर उभा राहून लांब दांड्याच्या ब्रशने काच घासत होता. उजव्या कोपऱ्यात ब्रश गेला की डावीकडचे पाचही मासे एकदम वळून त्याच्या हाताकडे बघत. तो मजेत शीळ घालत होता. मला एकाएकी त्याचा राग आला, आणि तो राग नाही हे कळायला मला गाडीत बसेपर्यंत वेळ लागला. मला भीती वाटली होती.

४

उलगडा झाला तो पुढच्या गुरुवारी, आणि तो ऐकून मी मोठ्याने हसले.

त्या दिवशी मी दिवाणखान्यामागच्या कोठीत होते. तिथे फिल्टर आणि पंप आहेत. भिंतीपलीकडे अण्णा माशांना भरवत होते. मोठे मासे घास पकडतात तेव्हा पाणी आत ओढतात, आवाज होतो. भप्. आणि अण्णा मोजत होते.

"लाभ." भप्.

"एक." भप्.

"दोन."

पाचपर्यंत मोजलं त्यांनी. मी मनात भप् मोजत होते. सहा झाले.

यार्डात धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. माझे आजोबाही तसेच मोजायचे. लाभ, दोन, तीन. पण अण्णांच्या घराण्याची रीत त्याहून कडक निघाली. त्यांच्यात लाभाचं माप कुणाच्याच राशीत धरत नाहीत. ते बाजूला पडतं, आणि एक तिथून पुढे सुरू होतो.

"काकू कशा भरवायच्या?" मी बाहेर येऊन विचारलं.

"ती? ती नावं घेऊन टाकायची. पोतं घे, गूळ घे. पाच नावं, पाच घास." अण्णांनी हात पुसला. "मला मोजल्याबिगर टाकाय येत नाही. पन्नास वर्सांची सवय हाय."

"म्हणजे लाभाचा घास रोज जास्तीचा पडतो. पोतं दोन खातंय, अण्णा! म्हणून माझा आकडा चढलाय."

"पोतं नाही खात ते," अण्णा म्हणाले.

"मग कोण खातं?"

"लाभ मी उजवीकडं टाकतो. रिकामी जागा बघून. पोतं इकडं असतंय. खाली जाईस्तवर दिसतंय, मग नाही दिसत." ते जरा ओशाळले. "चष्मा बदलाय पायजे माझा."

ओव्हरफ्लोत ओढला जात असेल, फिल्टरमध्ये सडत असेल, म्हणून नायट्रेट. किती सरळ होतं! एवढ्यासाठी मी महिनाभर धड जेवले नव्हते. मी अण्णांना बजावलं: पाच मासे, पाच घास. लाभ यार्डात ठेवायचा, टाकीत नाही.

"तोडायचा म्हणता?" अण्णांचा चेहरा पडला. "लाभ एकदा सुरू केला की तोडत नाहीत ओ."

"मासे जगवायचेत की रीत?" मी म्हणाले. बोलायला मी कधीच कमी पडत नाही.

त्यांनी लाभ बंद केला. गाडीत अभिषेक म्हणाला, "बिचाऱ्याला फार टाकून बोललीस." मी म्हणाले, केमिस्ट्रीत बिचारं कुणी नसतं. नंतर मला आठवलं, त्याने फिल्टर उघडून दाखवला होता तेव्हा तो स्वच्छ होता. त्यात सडलेलं काहीच नव्हतं. आणि नुसत्या ओढल्या गेलेल्या घासाचा भप् होत नाही.

५

आठवड्याने सत्तावीस. दोन आठवड्यांनी सत्तावीस.

तिसऱ्या गुरुवारी ब्याडगी नव्हती.

स्नेहाने दारातच सांगितलं. आदल्या संध्याकाळी होती, सकाळी नाही. मी म्हणाले, पोत्याने गिळली असेल, मोठा मासा लहानाला गिळतोच. अभिषेक म्हणाला, ब्याडगीचे काटे विषारी, पोतं तिला चार वर्षांत शिवलं नाही, आज कसं गिळेल? आणि गिळली असती तर पोट दिसलं असतं. पोत्याचं पोट आत गेलेलं होतं. चारही मासे डाव्या काचेला अंग लावून उभे होते, आणि आता रिकामी जागा तीन फूट नव्हती, पाच होती.

चार मासे राहिले होते. मी पाणी मोजलं. सत्तावीस.

पुढच्या मंगळवारी सुतळी गेली. ईल टाकीबाहेर उडी मारतात, म्हणून आम्ही सोफे ओढले, कपाटामागे पाहिलं. स्नेहाने देवघरसुद्धा धुंडाळलं. ओला माग नाही, वास नाही. अण्णा खुर्चीत बसून होते. त्यांनी आम्हाला शोधायला मदत केली नाही.

"पाच घास टाकत होतो," ते म्हणाले. "मग चार टाकले. आता तीन. तुम्ही सांगितलं तसं मोजून टाकलं, अक्का."

त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी नळी हातात धरून उभी होते. तीन माशांच्या पाण्याचा रंग बारा-तेराचा, म्हणजे पिवळसर यायला हवा होता. नळीतलं पाणी लाल होत गेलं आणि सत्तावीसला थांबलं.

मी अण्णांना म्हणू शकले असते की लाभ पुन्हा सुरू करा. जिभेवर आलं होतं. पण मग मी कशावर विश्वास ठेवते, हे मला सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले, आणि ही माझी चूक होती. दुसऱ्या कुणाची नाही.

६

त्याच आठवड्यात ओव्हरफ्लोचा सांधा गळू लागला. कोठीच्या भिंतीला ओल आली. सांधा तळाशी, उजव्या मागच्या कोपऱ्यात. तिथे वरून हात पोचत नाही. पाणी निम्मं उतरवून माणसाने आत उतरायचं, खाली बसून जुनं सिलिकॉन खरवडायचं आणि पाण्यातही धरणारं नवं भरायचं. असं काम वर्षातून एकदा निघतं, आणि ते अभिषेक करतो.

"नको उतरू," मी म्हणाले.

"का?"

काय सांगणार? "ट्रिगर चावरा आहे."

"हमाल? तो माझ्या हातून खातो, शुभे." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला झालंय काय? पाणी पाणी करून डोक्यात पाणी गेलंय तुझ्या. सांधा सुटला तर दिवाणखान्यात साडेचार हजार लिटर येईल. खाली वायरिंग आहे, घरात माणसं आहेत."

त्याचं बरोबर होतं. तो चिडला की त्याचं नेहमी बरोबर असतं. मी म्हणाले, मासे आधी बाहेर काढू, पाणी पूर्ण उपसू. तो म्हणाला, एवढं पोतं ठेवायचं कुठे, आपल्या बाथरूममध्ये? आणि अर्ध्या तासाच्या कामासाठी तीन मासे मारायचे का?

बारा वर्षांच्या संसारात मी त्याला काही मागितलं नव्हतं असं नाही, पण कारण न देता कधी मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागायला हवं होतं.

७

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तो उतरला. बाहेर स्वच्छ ऊन, पडदे उघडे. गल्लीत शेवग्याच्या शेंगावाला ओरडत होता. स्नेहा स्वयंपाकघरात, अण्णा फ्रिजमधून आणलेल्या बांगड्यांच्या ताटलीसह खुर्चीत. मी काचेसमोर, तिच्यापासून हातभर अंतरावर.

पाणी दोन फुटांवर आणलं होतं. अभिषेक चड्डीवर, मांडीपर्यंत पाण्यात, हातात पातं घेऊन त्या कोपऱ्यात गेला. पोतं, हमाल आणि गूळ डाव्या टोकाला एकमेकांवर चढल्यासारखे. त्यांची तोंडं अभिषेककडे होती. कल्ले जोरात हलत होते.

"मस्त आहे पाणी," तो म्हणाला. "कोमट."

तो खाली बसला. पाणी त्याच्या पोटापर्यंत आलं. तो पुढे वाकून सांधा खरवडू लागला. पात्याचा आवाज काचेतून येत होता, खर्र, खर्र. मी त्याच्या पाठीकडे बघत होते, मग कमरेकडे, मग पायांकडे. पाय वाळूवर टेकलेले होते, गुडघे वर, आरामात. मी स्टुलावर बसते तसे.

त्याच्या खाली काही नव्हतं.

उकिडवा बसला असेल, मी स्वतःला म्हणाले. पाण्यातून वाकडं दिसतं, प्रकाश वळतो, हे मी मुलांना फळ्यावर काढून शिकवलंय. मी बाजूला सरकून पाहिलं. दुसऱ्या बाजूने पाहिलं. त्याची बैठक आणि वाळू यांच्यामध्ये दीड वीत पाणी होतं, आरपार, त्यातून मागची काच दिसत होती. आणि खाली वाळू दबलेली होती. लांबट, रुंद, त्याच्या दोन्ही पायांच्या पलीकडे जाणारी. ती दाबाची कड हळूहळू सरकत होती. त्याच्या डाव्या पावलापर्यंत आली. पावलाखालची वाळूही खचली.

"अभि, वर ये," मी म्हणाले.

"दोन मिनिटं."

"अण्णा!" मी किंचाळले. "लाभ टाका! लाभ! डावीकडे टाका, लांब टाका!"

सत्तर वर्षांचा तो माणूस जसा उठला तसा मी कुणाला उठताना पाहिलं नाही. का म्हणून त्यांनी विचारलं नाही. बांगड्याचा मोठा तुकडा उचलला, "लाभ" म्हणाले आणि टाकीच्या पार डाव्या टोकाला भिरकावला.

तिन्ही मासे तिथून उधळले. पाण्याला एक फुगवटा आला आणि उजवीकडून डावीकडे गेला. अभिषेक फतकन खाली बसला, पाणी त्याच्या नाकातोंडात गेलं. डावीकडे तो तुकडा खाली जात होता. अर्ध्या वाटेपर्यंत मला दिसला.

भप्.

"काय चाललंय तुमचं?" अभिषेक खोकत उभा राहिला. सांधा भरायचा होता, पण मी त्याचा दंड धरून त्याला शिडीवर ओढला. माझी नखं त्याला लागली. अण्णांनी दुसरा तुकडा टाकला, तिसरा टाकला. ताटली संपेपर्यंत ते लाभ, लाभ म्हणत राहिले.

उरलेला सांधा त्याने बाहेरून, सिलिकॉनची नळी ब्रशच्या लांब दांड्याला बांधून, वाकून, कसाबसा भरला. तोवर मी त्याच्या चड्डीची नाडी मुठीत धरून उभी होते. स्नेहा दारातून बघत होती. मला लाज वाटली नाही.

८

परत जाताना गाडी मी चालवत होते. अभिषेक टॉवेल गुंडाळून शेजारी बसला होता. त्याचा राग उतरला होता. गोकुळ रोडच्या सिग्नलला तो म्हणाला, "अण्णांनी तो मोठा दगड कधी टाकला गं कोपऱ्यात?"

"कुठला दगड?"

"ज्यावर मी बसलो होतो तो. बसायला बरा होता. गुळगुळीत, जरा मऊ. शेवाळ धरलं असेल." त्याने विचार केला. "तू ओरडलीस ना, तेव्हा हलला. भक्कम बसवायला हवा, नाहीतर काच फोडेल."

मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. सिग्नल सुटला होता. मी गाडी पुढे घेतली. त्याला काही सांगितलं नाही. तो सुखरूप शेजारी बसला होता, मला तेवढंच हवं होतं.

९

पुढच्या गुरुवारी मी एकटी गेले. अभिषेकला म्हणाले, दुकानात मिठाची गाडी यायची आहे, तू थांब.

पाणी बारा आलं. मी तीनदा मोजलं. बारा, बारा, बारा. तीन माशांचं पाणी. गूळ उजव्या कोपऱ्यात ओव्हरफ्लोपाशी निवांत होता. हमाल दगड ओढत होता. पोतं काचेपाशी येऊन माझ्याकडे बघत राहिलं.

"लाभ टाकतोय रोज," अण्णा म्हणाले. "पण आता तो खाली पडून राहतोय. सांजच्याला गूळ खातो." ते खूश दिसत होते. "शांत झालं ओ सगळं. गेलं काय असंल ते."

"कुठे गेलं?" मी विचारलं.

अण्णांनी हात उडवले. मला इतकं हलकं वाटलं की परत येताना मी मिरची भजी बांधून घेतली, अभिषेकसाठी. हल्ली त्याला भूक फार लागत होती. त्या दिवसापासून दोघांच्या मापाचा भात पुरत नव्हता. पाण्यात श्रम झालेत, मी म्हणत होते.

दुकानात पोचले तेव्हा मिठाच्या गोण्या उतरल्या होत्या. अभिषेकने शेवटची गोणी मोठ्या काट्यावर तोलून खाली घेतली आणि स्वतःच त्यावर चढला. "एवढं खातोय ते जातंय कुठं, बघू."

एकाहत्तर किलो. वर्षभरापूर्वी होता तेवढाच.

"बघ, एक ग्रॅम नाही वाढलं!" तो उतरला. "चहा टाकतो. तू भजी काढ." आणि पडदा सारून आतल्या खोलीत गेला.

काट्यावर शून्य आलं. मी काउंटरवर भज्यांची पुडी सोडत होते. काट्याने बारीक आवाज केला म्हणून मी वर पाहिलं. रिकाम्या काट्यावर आकडा चढत होता. नऊ. सोळा. बावीस. बावीसवर तो थांबला, एक श्वास घेण्याइतका. मग एकदम शून्य. पडद्याची खालची कड हलली आणि पुन्हा सरळ झाली.

आत गॅस पेटल्याचा आवाज आला. मग भांड्याचा. मग अभिषेक हसला, लाडात हसतो तसा.

"शुभे, सरक की जरा. अशी पाठीला टेकून उभी राहिलीस तर चहा कसा करू?"

मी बाहेर होते, काउंटरपाशी.